दगडखाणीच्या कपारीत उगवणारे पांढरे केसाळ स्फटिक: हे एप्सोमाइट असावे का, आणि नमुना टिकवावा कसा?

खडकवेडा, सातारा

नमस्कार. खटाव तालुक्यातील एका बंद पडलेल्या दगडखाणीत मालकांच्या परवानगीने मी अधूनमधून झिओलाइट (काळ्या पाषाणातील पोकळ्यांत मिळणारी खनिजे) शोधण्यासाठी जात असतो. या खाणीच्या एका उभ्या कड्यात काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा हातभर जाडीचा पट्टा आहे, आणि तो पट्टा झिजून आत गेल्यामुळे वरच्या पाषाणाच्या छताखाली एक खोलगट कपार तयार झालेली आहे. पावसाचा थेंब तेथे पोहोचत नाही. मात्र वरच्या भेगांतून झिरपणारा ओलावा पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात ही कपार पूर्ण मोकळी असते. थंडी सरू लागली की तांबड्या मातीच्या पृष्ठभागातून रेशमी चमक असलेल्या पांढऱ्या केसांचे झुबके बाहेर पडतात. सर्वांत लांब केस बोटाच्या पेराएवढे असून त्यांतील बरेचसे वळलेले आहेत, आणि काहींच्या टोकाला तांबड्या मातीचे बारीक कण चिकटलेले दिसतात.

हे मेसोलाइट किंवा ओकेनाइट असेल असे मला आधी वाटले; परंतु येथे पाषाणातील पोकळी नाही आणि हे केस सुईने ढकलले असता तुटण्याऐवजी वाकतात. एक केस काचपट्टीवर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला, तेव्हा तो पाहता पाहता विरघळला. लिंबाचा रस टाकल्यावर फेस आला नाही. चव घेतलेली नाही. कपारीत सकाळी तापमान २४ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६२ टक्के होती. दुपारी बाहेर उन्हात तोच आर्द्रतामापक २८ टक्के दाखवत होता.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे एप्सोमाइट, म्हणजे स्फटिकजल असलेले मॅग्नेशियम सल्फेट, असण्याची शक्यता कितपत आहे, घरी किंवा महाविद्यालयीन प्रयोगशाळेत त्याची खात्री कशी करता येईल, आणि नमुना गोळा करून टिकवायचा असल्यास काय काळजी घ्यावी? कुपीत ठेवण्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या आणून ठेवल्या आहेत.

भूशास्त्राचा अध्यापक, कऱ्हाड

सिलिका जेल सध्या बाजूला ठेवावे. त्याचे कारण पुढे येईलच.

आपण पाण्याच्या एका थेंबाने जे केले, त्यातून निम्मी उमेदवारी बाद झाली आहे. आपल्या दख्खनच्या पाषाणात केसाळ रूपात सापडणारे मेसोलाइट, नॅट्रोलाइट आणि ओकेनाइट हे सगळे सिलिकेट असून थंड पाण्यात विरघळत नाहीत. जिप्समचेही केस असतात आणि ते वाकतातही, परंतु एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते, त्यामुळे एका थेंबात ते नाहीसे होणार नाही. लिंबाच्या रसाने फेस न आल्यामुळे सोडियम कार्बोनेटाचे क्षार, म्हणजे लोणारच्या सरोवराकाठी मिळतात तसले, बहुतेक वगळता येतात. टोकावरचे मातीचे कण तर फारच बोलके आहेत. असे केस टोकाकडून वाढत नाहीत. मातीच्या छिद्रातून क्षाराचे द्रावण पृष्ठभागापर्यंत येते, तेथे पाणी उडून जाते आणि मुळाशी नवा स्फटिक जमत जमत आधीच्या भागाला बाहेर ढकलतो, म्हणून पहिल्या दिवशीचा मातीचा कण शेवटपर्यंत टोकावर बसून राहतो.

आता उरलेले उमेदवार पाहू. मॅग्नेशियम सल्फेटाच्या एका रेणूमागे पाण्याचे सात रेणू असले की ते एप्सोमाइट होते, सहा असले की हेक्झाहायड्राइट. सोडियम सल्फेट दहा रेणूंसह मिराबिलाइट आणि पाण्याविना थेनार्डाइट असते. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांचे एकत्रित सल्फेट म्हणजे पिकरिंगाइट. तेही अगदी केसांसारखेच दिसते. याखेरीज मीठ आणि जुन्या भिंतींवर येणारा सोरा हेही विसरू नयेत.

यांतील मिराबिलाइटबद्दल आपल्या आर्द्रतामापकानेच बरेच सांगितले आहे. २० अंशांना मिराबिलाइट टिकण्यासाठी हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते आणि तापमान वाढले की ही गरज आणखी वाढते, ३२.४ अंशांना तर ते आपल्याच स्फटिकजलात विरघळू लागते. २४ अंश आणि ६२ टक्के अशा हवेत सोडियम सल्फेट असलेच तर ते थेनार्डाइटच्या भुकटीच्या रूपात असायला हवे. आपण वर्णन केलेली रेशमी, पारदर्शक चमक त्या भुकटीला नसते. याउलट एप्सोमाइट २५ अंशांच्या आसपास साधारण ५० टक्क्यांच्या वर स्थिर असते आणि त्याखाली पाण्याचा एक रेणू सोडून हेक्झाहायड्राइट होते. तेव्हा सकाळच्या वेळी कपारीतील आकडे एप्सोमाइटच्या बाजूने आहेत. दुपारी कपारीच्या आत काय आकडा येतो, तो मात्र नोंदवावा, कारण बाहेरचे २८ टक्के आत पोहोचत असतील तर उन्हाळ्यात त्याच जागी आपल्याला हेक्झाहायड्राइट मिळेल.

रासायनिक खात्रीसाठी बारावीच्या प्रात्यक्षिकातील कसोट्या पुरतात. थोडा क्षार ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावा आणि आधी पीएच कागद लावावा. मॅग्नेशियम सल्फेटाचे द्रावण जवळजवळ उदासीन असते, तर तुरटीच्या जातीतील पिकरिंगाइट स्पष्ट आम्लधर्मी असते. त्यानंतर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून बेरियम क्लोराइड टाकल्यास सल्फेट असेल तर पांढरा, आम्लात न विरघळणारा अवक्षेप येईल. बेरियम क्लोराइड विषारी आहे, त्यामुळे हा भाग घरी न करता प्रयोगशाळेतच करावा. दुसऱ्या परीक्षानळीत सोडियम हायड्रॉक्साइड टाकल्यास मॅग्नेशियमचा चिकट पांढरा अवक्षेप मिळतो. अधिक हायड्रॉक्साइड टाकल्यावर तो विरघळू लागला तर ॲल्युमिनियमचा संशय घ्यावा. तिसऱ्या नळीत अमोनियम क्लोराइड, अमोनिया आणि सोडियम फॉस्फेट घातल्यावर पांढरा स्फटिकमय अवक्षेप आला म्हणजे मॅग्नेशियम पक्के झाले. ज्योत परीक्षेवर मात्र फार विसंबू नये. सोडियमचा पिवळा रंग हाताच्या घामानेसुद्धा येतो.

या सगळ्यांपेक्षा मला आवडणारी कसोटी वजनाची आहे, आणि तिला सराफाकडे असतो तसा मिलिग्रॅमपर्यंतचा काटा एवढेच लागते. ताजा, वरून कोरडा नमुना लगेच तोलावा आणि कोरड्या हवेत उघडा ठेवून पुन्हा तोलत राहावे. एप्सोमाइटचे हेक्झाहायड्राइट होताना वजन ७.३ टक्क्यांनी घटते आणि मग घट मंदावते. मिराबिलाइट असते तर जवळजवळ ५६ टक्के वजन हवेत उडून गेले असते. फार कोरड्या हवेत हेक्झाहायड्राइटही हळूहळू आणखी पाणी सोडते, म्हणून घट किती वेळात झाली तेही लिहून ठेवावे.

चव घेतली नाहीत हे उत्तम केलेत. जुन्या पुस्तकांत एप्सोमाइटची ओळख कडवट चवीने करायला सांगितलेली असते. ती पुस्तके फवारणीच्या युगाआधीची आहेत.

द्राक्षबागायतदार, तासगाव

फवारणीचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. त्या कड्याच्या वर शेती आहे का, आणि असल्यास तेथे कोणती खते दिली जातात, हे आधी विचारावे. आमच्या भागात द्राक्षबागेला मॅग्नेशियम सल्फेट ठिबकमधून सोडणे ही नेहमीची गोष्ट आहे. खताच्या दुकानात पोत्याने मिळणारे हे मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे रासायनिकदृष्ट्या तुमचे एप्सोमाइटच, त्यात ९.६ टक्के मॅग्नेशियम असते. ठिबकची नळी जेथे गळते तेथे खाली दगडावर पांढरी, सुईसारखी बुरशी धरल्याप्रमाणे क्षार आलेला मी स्वतः पाहिलेला आहे. अमोनियम सल्फेट, सुपर फॉस्फेट, चोपण जमिनीत टाकलेले जिप्सम, या सर्वांतून सल्फेट जमिनीत जाते आणि झिरप्याबरोबर खाली उतरते.

दुसरी सूचना निळ्या रंगाबद्दल आहे. बोर्डो मिश्रण करण्याच्या टाक्यांच्या आसपास मोरचुदाचे सुंदर निळे स्फटिक भिंतीवर आलेले दिसतात. संग्राहकांना ते चाल्कॅन्थाइट (मोरचुदाचे नैसर्गिक खनिज) वाटून मोह होतो. ते उघड्या हाताने गोळा करू नयेत आणि मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नयेत.

वाळव्याचा शेतकरी

आमच्या मिठफुटीच्या रानात उन्हाळ्यात पांढरा थर येतो. तोही हाच क्षार असेल का? गोळा करण्याजोगा आहे का?

भूशास्त्राचा अध्यापक, कऱ्हाड

आपल्या रानात बहुधा सोडियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्या क्लोराइड व सल्फेट क्षारांचे मिश्रण मातीत कालवलेले असेल, आणि त्याचे प्रमाण विहिरीच्या पाण्यावर व निचऱ्यावर अवलंबून असते. संग्रहासाठी त्याचा उपयोग नाही. जमिनीसाठी मात्र माती आणि पाणी यांची तपासणी अवश्य करून घ्यावी.

तासगावकरांनी मांडलेला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मी तो आधीच विचारायला हवा होता असे कोणी म्हणाल्यास मी हरकत घेणार नाही. काळ्या पाषाणातील ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन कुजून मॅग्नेशियम भरपूर मिळते, त्याची चिंता नाही. प्रश्न सल्फेटचा आहे. ज्या देशांत केसाळ एप्सोमाइट खाणींच्या भिंतींवर विपुल दिसते, तेथे खडकातील पायराइट (लोह आणि गंधक यांचे खनिज) हवेने कुजून सल्फेट पुरवते. आपल्या पाषाणात पायराइट इतके तुरळक असते की सल्फेट आले कोठून, हे दर वेळी तपासलेच पाहिजे.

खडकवेडा, सातारा

सर्वांचे आभार. महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कसोट्या करून घेतल्या. द्रावण उदासीन निघाले. बेरियम क्लोराइडने दाट पांढरा अवक्षेप आला आणि तो आम्लात विरघळला नाही. सोडियम हायड्रॉक्साइडचा अवक्षेप जादा हायड्रॉक्साइडमध्ये तसाच राहिला, आणि फॉस्फेटची कसोटी मॅग्नेशियमच्या बाजूने आली. सिल्व्हर नायट्रेटने किंचित गढूळपणा आला, म्हणजे थोडे क्लोराइड आहे. वजनाची घट सुरुवातीला भराभर झाली आणि सुमारे साडेसात टक्क्यांवर आल्यानंतर जवळजवळ थांबली. त्या वेळी केस आकाराने तसेच होते, परंतु त्यांची पारदर्शकता जाऊन ते खडूसारखे पांढरे झाले होते.

कपारीच्या आत दुपारी आर्द्रता ५४ टक्क्यांपर्यंत उतरते. कड्याच्या वर शेती आहे. मालकांचे म्हणणे असे की, पूर्वी तेथे ज्वारीच होत असे. आता ठिबकवर आले घेतले जाते आणि त्याला विद्राव्य खते सोडतात, ज्यांत मॅग्नेशियम सल्फेटही असते. खाणीच्या दुसऱ्या बाजूला, जेथे वर नुसते माळरान आहे, तांबड्या मातीचा तोच पट्टा उघडा पडलेला आहे. तेथेही केस आहेत, पण ते फारच आखूड आणि विरळ आहेत. त्यांची परीक्षा अजून केलेली नाही. आता मूळ प्रश्न जतनाचा राहतो.

क्षारसंग्राहक, मिरज

जतनाबद्दल मी लिहितो, कारण विरघळणाऱ्या सल्फेटांचा संग्रह हा माझा आवडीचा आणि डोकेदुखीचा विषय आहे.

सिलिका जेल कुपीतील आर्द्रता अतिशय खाली नेते. मीठ किंवा थेनार्डाइट यांच्यासाठी ते योग्यच आहे. परंतु एप्सोमाइटसाठी ते घातक ठरते, कारण ते स्फटिकातील पाणीच ओढून घेते आणि आपण नुकतेच काट्यावर पाहिले ते कुपीच्या आत घडते. दुसऱ्या टोकाला, आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचली की एप्सोमाइट हवेतील पाणी शोषून पाझरू लागते. म्हणजे साधारण ५५ ते ८५ टक्के हा सुरक्षित पट्टा आहे, आणि या पट्ट्याच्या मध्यावर राहण्याचा सोपा उपाय स्वयंपाकघरातच आहे. मिठाचा पाण्यात केलेला ओला लगदा बंद बरणीच्या तळाशी ठेवला की आतील हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, आणि तापमान बदलले तरी हा आकडा फारसा हलत नाही. लगद्याच्या वर एक काचेचा स्टँड ठेवून त्यावर नमुन्याची उघडी कुपी ठेवावी. लगद्याचा स्पर्श नमुन्याला होता कामा नये. आयोडीन नसलेले साधे मीठ मिळाले तर उत्तम. मिराबिलाइटसाठी ७५ टक्के अपुरे पडतात, तेथे पोटॅशियम क्लोराइडचा लगदा वापरतात, जो ८५ टक्क्यांच्या जवळ ठेवतो. पण त्यासाठी खताचे पोटॅश आणू नये, कारण त्यात थोडे सोडियम क्लोराइड मिसळलेले असते आणि त्यामुळे आकडा खाली घसरतो.

बरणीचा खटाटोप नको असेल तर कुपी शक्य तितकी लहान घ्यावी. लहान कुपीतील हवेत मावणारे पाणी इतके अल्प असते की स्फटिक आपल्यातील नगण्य अंश देऊनच ती हवा स्वतःसाठी योग्य करून घेतो, आणि पुढची गळती झाकणातूनच होऊ शकते. म्हणून काचेची, आटे असलेली, आत टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाची कुपी घ्यावी आणि झाकणाच्या सांध्यावर वितळलेले मेण फिरवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीवर विश्वास ठेवू नये. तिच्यातून काही महिन्यांत बाष्प आरपार जाते.

गोळा करताना केस चिमट्याने उपटू नयेत. झुबका ज्या मातीवर उभा आहे तिचा नखाएवढा तुकडा पातळ पात्याने खालून सोडवावा. हा तुकडा ओला असल्यास कुपीत बाष्प जमून केसांची मुळे विरघळतील, म्हणून तो वरून कोरडा दिसणारा निवडावा आणि शक्य तितका लहान ठेवावा. कुपीच्या तळाशी तेलात मळलेल्या क्लेचा गोळा दाबून त्यात तुकडा बसवावा. पाण्यात विरघळणारा डिंक किंवा फेव्हिकॉल लावू नये. कापूस तर अजिबात भरू नये, कारण केस त्यात अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. धूळ काढण्यासाठी रबरी ब्लोअरचा हलका झोत पुरतो. लाख किंवा वॉर्निशचा लेप देण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये. लेपाला सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि काही दिवसांनी लेपाच्या आत भुकटी भरलेली दिसते. जाड, भरीव स्फटिक असतील तर ते पातळ खनिज तेलात बुडवून ठेवतात. केस मात्र तेलात एकमेकांना चिकटून लोळागोळा होतात.

तापमानाबद्दल एक इशारा द्यायला हवा. एप्सोमाइटला लागणारी आर्द्रता तापमानाबरोबर वाढत जाते, आणि सुमारे ४८ अंशांच्या वर आर्द्रता कितीही ठेवली तरी हेक्झाहायड्राइटच स्थिर असते. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हे तापमान सहज ओलांडले जाते. नमुना पहाटे काढावा, थर्मोकोलच्या डब्यात ठेवावा आणि घरी पत्र्याखालच्या कपाटाऐवजी खालच्या मजल्यावर, भिंतीतल्या कपाटात ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये कुपी उघडू नये. आपण पश्चिमेकडे, महाबळेश्वरच्या बाजूला राहत असाल तर मुळीच नाही.

खाणीत वरच्या कडेचे सैल दगड आणि आग्यामोहोळ यांची पाहणी केल्याशिवाय कपारीखाली शिरू नये. लेण्यांमध्ये आणि संरक्षित स्मारकांच्या भिंतींवर असेच क्षार दिसले तर फक्त छायाचित्र घ्यावे.

भूशास्त्राचा अध्यापक, कऱ्हाड

आपल्या कसोट्यांवरून ताजा नमुना एप्सोमाइट आहे असे मी लिहून देईन; साडेसात टक्क्यांची घट आणि जागच्या जागी आलेला खडूसारखा पांढरेपणा हे दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात. किंचित जादा घट मातीतील ओलाव्याची असावी. अंतिम खात्रीसाठी कोल्हापूर किंवा पुणे येथील विद्यापीठात क्ष-किरण विवर्तन (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखण्याची चाचणी) करून घेता येईल, परंतु तेथे एक अडचण आहे. नमुना खलबत्त्यात कुटताना आणि यंत्राच्या कोरड्या, वातानुकूलित खोलीत मोजला जात असताना त्याचे पाणी जाते, आणि अहवालात हेक्झाहायड्राइट येते. अहवाल खोटा नसतो. तो त्या खोलीतील पदार्थाचा असतो. त्यापेक्षा रामन वर्णपट (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याची पद्धत) घ्यावा, कारण तो बंद काचेच्या कुपीतूनही घेता येतो. त्यात सल्फेटची मुख्य रेषा एप्सोमाइटसाठी ९८४ च्या आसपास, थेनार्डाइटसाठी ९९३ आणि जिप्समसाठी १००८ प्रति सेंटीमीटरला येते. एप्सोमाइट आणि हेक्झाहायड्राइट यांच्या मुख्य रेषा एकमेकींच्या फार जवळ असल्यामुळे पाण्याच्या रेषांचा, याहून मोठ्या आकड्यांकडचा पट्टाही मोजायला सांगावा आणि लेझरची शक्ती कमीत कमी ठेवायला सांगावी.

आता नमुन्यासोबत ठेवायच्या चिठ्ठीबद्दल. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार मानवनिर्मित पदार्थ खनिज ठरत नाहीत, आणि मानवनिर्मित पदार्थांवर निसर्गाची क्रिया होऊन तयार झालेल्या पदार्थांनाही नवी खनिजे म्हणून मान्यता मिळत नाही. एप्सोमाइट हे आधीपासूनचे खनिज असल्याने नावाचा वाद नाही, परंतु आपल्या नमुन्याचे सल्फेट पाषाणाचे की आल्याच्या खताचे, हे चिठ्ठीवर आले पाहिजे. यासाठी माळरानाखालच्या आखूड केसांची परीक्षा सर्वांत उपयोगी ठरेल. तेथेही मॅग्नेशियम सल्फेटच निघाले, तर खताशिवायही हा क्षार येथे तयार होतो, असे म्हणता येईल आणि शेताखालील लांब केस हा खताने वाढवलेला भाग मानता येईल. दोन्ही ठिकाणच्या नमुन्यांत नायट्रेटची तपकिरी वलयाची कसोटीही करावी; ठिबकचे खत उतरत असेल तर शेताखालच्या नमुन्यात नायट्रेट बहुधा सापडेल.

तोवर दोन वेगळ्या कुप्या, दोन वेगळे क्रमांक, आणि प्रत्येकीवर तारीख, वेळ, कपारीतील तापमान, आर्द्रता, वरच्या जमिनीचा प्रकार आणि "गोळा करताना पारदर्शक" अशी नोंद ठेवावी. पुढे कुपीतील केस पांढरे पडले तर जुनी चिठ्ठी काढून टाकू नये. तिच्याखाली बदल लक्षात आल्याची तारीख आणि नवे नाव लिहावे.